शेकाट्याचं जेवण

मुलांनो, शेकाट्या पाहिलाय का कधी? काळे पंख, पांढरं पोट, सुईसारखी चोच आणि गुलाबी काड्यांसारखे लांबच लांब पाय. चालताना त्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं. वर्गात हे सांगितलं, तर सगळी मुलं उठून उलटं वाकून चालायला लागली! पण तो गुडघा नाहीच मुळी, तो आहे घोटा. खरा गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत लपलेला असतो.

या शेकाट्याचा फोटो काढायचा, असं ठरवून गेल्या डिसेंबरात मी नांदूर मध्यमेश्वरला गेले. नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. तिथं इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, पाणवनस्पती वाढल्या. धरणाच्या दृष्टीनं गाळ म्हणजे तोटा, पण पक्ष्यांना तर पंगतच मांडून मिळाली! या जागेला रामसर स्थळाचा, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळीचा मान मिळाल्याचं 2020 साली जाहीर झालं. महाराष्ट्रातलं ते पहिलंच.

सोबत माझ्या वर्गातला चौथीतला एक मुलगा आणि त्याचे आजोबा होते. त्यांचं उसाचं शेत पाण्याला लागूनच आहे. धुकं विरलं आणि काय सांगू, समोर नुसती गडबड! चमचे आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत होते, जणू कढी ढवळताहेत. चित्रबलाक उघडी चोच पाण्यात बुडवून थांबले होते. मासा चोचीला लागला, की खटकन मिटायची. काठाच्या चिखलात तुतवार शेपटी हलवत टिपत होते. लांब पायांचे खोल पाण्यात, आखूड पायांचे काठाला. ज्याचं त्याचं पान वेगळं, म्हणून भांडण नाही.

शेकाटे तीस-चाळीस पावलांवर होते. माझा कॅमेरा साधा, म्हणून मी वाकून पुढे सरकले. आणखी थोडं. आणखी थोडं. तेवढ्यात बांधावरची टिटवी ओरडली. झालं! शेकाटे उडाले, तुतवार उडाले, सगळा काठ रिकामा. आणि माझी एक चप्पल चिखलात!

मला हसू आलं, पण तो मुलगा हसला नाही. म्हणाला, "बाई, त्यांचं जेवण चाललं होतं. तुम्ही उठवलंत."

मी काहीच बोलले नाही. त्यातले तुतवार हिमालयापलीकडून आलेले पाहुणे. परत जाताना तेवढंच अंतर पुन्हा कापायचं, ते इथं खाऊन अंगात साठवलेल्या चरबीवर. प्रत्येक उड्डाणाला त्यातलीच शिदोरी खर्च होते. हे मी मुलांना फळ्यावर शिकवलेलं!

आजोबांनी आम्हाला उसाच्या कडेला बसवलं. उन्हाकडे पाठ करून, अगदी जमिनीलगत. "आता हलू नका," म्हणाले. पाऊण तास गेला. पायाला मुंग्या आल्या, मुंग्या खरोखरच्याही चढल्या. आधी टिटवी परतली. मग तुतवार. आणि शेवटी एक शेकाट्या टिपत टिपत आपणहून इतका जवळ आला, की पाण्यात पडलेलं त्याचं प्रतिबिंबही दिसत होतं. मी खटका दाबला. तो दचकला नाही.

फोटो धुऊन वर्गात लावलाय. त्यात शेकाट्याचं डोकं पाण्याखाली आहे, दिसतात ते फक्त पाय आणि पाठ. मुलं म्हणतात, "बाई, तोंड कुठाय?"

तो मुलगा मात्र सगळ्यांना ऐटीत सांगतो, "जेवतोय तो!"