वेदान्ताच्या वर्गात चवदार तळं
मी अलिबागजवळ एका निवृत्त संस्कृत शिक्षकांकडे दर रविवारी वेदान्त शिकते, हे कळल्यावर कार्यकर्त्यांतून पहिला प्रश्न आला, "ताई, २२ प्रतिज्ञांचं काय?" प्रतिज्ञांनी देव आणि अवतार मानायचे नाहीत असं सांगितलंय, वाचायचं नाही असं नाही. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारलं, फारसी घ्यावी लागली. पुढे ते संस्कृत शिकलेच.

सर प्रामाणिक आहेत. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या पादात ३४ ते ३८ या सूत्रांचं अपशूद्राधिकरण आहे. ते ओलांडून पुढे जाता आलं असतं, पण त्यांनी शांकरभाष्यासह शब्दन् शब्द वाचून घेतला. छांदोग्यात रैक्व जानश्रुतीला 'शूद्र' म्हणतो आणि तरी विद्या देतो. भाष्य 'शूद्र' शब्दाचा अर्थ शोकाशी जोडतं आणि जानश्रुतीला क्षत्रिय ठरवतं. पुढे वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतावी, हे स्मृतिवचन आधाराला येतं. विदुर, धर्मव्याध ज्ञानी झाले हे मान्य, पण पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे! बाकीच्यांनी इतिहास-पुराणं ऐकावीत. आणि हे लिहिणारे तेच, ज्यांच्या मते सर्वांत एकच ब्रह्म आहे.

सर म्हणाले, "जात व्यवहारातली. परमार्थात ती नाही."

मी म्हटलं, "सर, चवदार तळ्याचं पाणीही व्यवहारातच होतं."

महाड आपल्याच जिल्ह्यातलं. २० मार्च १९२७ ला तिथे परमार्थाचा वाद नव्हता, ओंजळीचा होता. सर्वांत एकच ब्रह्म असेल तर त्यावर लोकशाही उभी राहायला हवी होती, मग का राहिली नाही, हा 'रिडल्स इन हिंदुइझम'मधला बाबासाहेबांचा प्रश्न मला त्या दिवशी नीट कळला. नुसत्या शिव्या घालून तो कळत नाही.

सरांनी उलट विचारलं, "दोन सत्यं तुमच्या नागार्जुनाकडेही आहेत ना?" आहेत. पण विनयात उपाली न्हाव्याला शाक्य राजकुमारांच्या आधी दीक्षा मिळते, म्हणजे राजकुमारांनी त्याला वंदन करायचं. तिथे समता रांगेच्या क्रमात उतरली, व्यवहारातच.

मग आपलं काय? विहारात समता आणि सोयरीक जुळवताना पोटजात, ही दोन सत्यं कोणाची? हे आमच्या गावच्या बैठकीत बोलले, तेव्हा सरांच्या ओटीवर कधी चढले नव्हते एवढे आवाज चढले.