पट्टी कोणती?

आमच्या बँडचं नाव इथे लिहीत नाही. ते इंग्रजीत होतं, त्यात आग होती, मरण होतं आणि बॅनरवर त्याचं स्पेलिंग चुकलेलं होतं. वर्षभर आम्ही पेंटरला शिव्या दिल्या. नंतर माझ्याच वहीत तो कागद सापडला. पेंटरने आम्ही लिहून दिलं तेच रंगवलं होतं.

हे सगळं वर आलं ते भाच्यामुळे. दहावीची परीक्षा संपली आणि त्याने तीन मित्रांना घेऊन बँड काढला. परवा चौघेही आमच्या ओट्यावर येऊन बसले. "मामा, तुम्ही वाजवत होते ना? आम्हाले सांगा ना काही." मग मी सांगत सुटलो. रोज रियाज करा, मेट्रोनोम लावा, एकमेकांचं ऐका. विमा विकायला आलेल्या नातेवाइकाचं ऐकावं तसं त्यांनी ऐकलं, चहा प्यायला आणि गेले. रात्री पडल्या पडल्या वाटलं, सांगितलं ते सगळं बरोबर होतं, पण त्यातलं एकही माझं नव्हतं. माझं जे होतं ते मी गिळलं होतं.

ऑगस्ट 2008 मध्ये 'रॉक ऑन' आला. आमच्या शहापूरला टॉकीज नाही. आम्ही तो सीडीवर पाहिला, एका बैठकीत दोनदा. नागपूर पन्नासेक किलोमीटर, भंडारा त्याहून खूपच जवळ, मधून हायवे आणि हायवेवर रात्रंदिवस ट्रक. अशा गावात अकरावीतल्या चार पोट्ट्यांना त्या सिनेमाने सांगितलं, की केस वाढवले आणि गिटार घेतली की झालं. केस फुकट होते, ते आधी वाढवले. गिटारसाठी मी बाबांच्या मागे चार महिने लागलो.

पैसे हातात आले तेव्हा पहिली चूक केली. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन स्वस्तातली इलेक्ट्रिक गिटार घेतली, आणि उरलेल्या पैशांत ट्यूनर घ्यायचा सोडून डिस्टॉर्शनचं पेडल घेतलं. अ‍ॅम्प घेतलाच नाही. 'माइकचा अ‍ॅम्प्लिफायर आहे ना मंडपवाल्याकडे,' असा हिशेब. माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेल्या त्या डब्यात आणि त्याच्या भोंग्यात गिटारची वायर खुपसली, की टिनाच्या डब्यात माशी अडकल्यासारखा आवाज यायचा. त्यात पेडल दाबलं की माश्या शंभर व्हायच्या. आम्हाला तो आवाज रॉक वाटायचा. तारा सुरात आहेत की नाहीत हे त्या गोंगाटात कुणाला कळणार? कदाचित म्हणूनच तो आवडत असावा.

ड्रमवाल्याचे वडील जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत शिफ्टला. नाइट करून आले की दिवसा झोपत, त्यामुळे त्याच्या घरी टेबलसुद्धा वाजवता येत नसे. ऑक्टोपॅड उसना आणलेला. एका ओळखीच्या माणसाची राइस मिल होती. पावसाळ्यात काम मंद असे, तेव्हा मागचं शेड आम्हाला मिळालं. वर टिन, खाली फरशी, तीन बाजूंना विटा. एक ठोका मारला की चार ऐकू येत. शेडच्या कोपऱ्यात बारदान्याचा ढीग माणसाच्या उंचीचा पडून होता, पण ती पोती भिंतींवर टांगावी हे डोक्यात आलं नाही. उलट ऐकू येत नाही म्हणून प्रत्येक जण आपला आवाज वाढवायचा. मी सर्वांत जास्त. कुणाचं लक्ष नसताना नॉब हळूच फिरवायचो आणि चेहरा असा ठेवायचो, की जणू वीजच जरा जास्त आली आहे. वीज तर आमच्याकडे तेव्हा तासन् तास नसायचीच. लोडशेडिंगचं वेळापत्रक तोंडपाठ होतं, गाण्यांचं नव्हतं.

आवाजाचं साधं गणित मला फार उशिरा कळलं. गाणाऱ्याचा माइक शिट्टी मारायला लागण्याआधी जेवढा वाढतो, तेवढीच त्या खोलीतल्या सगळ्यांची कमाल मर्यादा. बाकीच्यांनी त्याच्या खाली बसायचं. आम्ही गाणाऱ्यालाच आमच्या खाली बसवलं होतं.

रियाज म्हणजे काय, तर गाणं सुरू करायचं आणि शेवटपर्यंत न्यायचं. मध्ये अडलं की हसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवात आमची झकास होती, दोनशे वेळा वाजवलेली. अडायचो तो मधला तुकडा मात्र प्रत्येक वेळी तसाच अडायचा, कारण तो एकटा काढून, लय निम्मी करून, कधी घासलाच नाही. एकदा ड्रमवाल्याने मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. ऐकलं तर गाणं बैलगाडीसारखं निघालं होतं आणि शंकरपटाच्या बैलजोडीसारखं संपलं होतं. आम्ही काय करावं? रेकॉर्डिंग डिलीट केलं. मोबाइलचा माइक खराब आहे, असं एकमताने ठरलं.

या चुका सांगायला सोप्या आहेत. त्या सांगून हसता येतं, आणि हसवणारा मामा पोरांना आवडतो. पुढची सांगायला सोपी नाही.

आमचा गाणारा आमच्यात खरा सुराचा होता. भजनी मंडळात वाढलेला, आवाज मध्यम, भरीव. आम्ही गाणं निवडलं 'स्वीट चाइल्ड ओ' माइन'. गन्स एन' रोझेसच्या 1987 च्या 'अ‍ॅपेटाइट फॉर डिस्ट्रक्शन' या अल्बममधलं. निवडलं म्हणजे मी निवडलं, कारण सुरुवातीचा गिटारचा तुकडा मला यायला लागला होता आणि तो गावाला ऐकवायचा होता. अ‍ॅक्सल रोझ हा माणूस कुठे जाऊन गातो, ते आपल्या पोट्ट्याला झेपेल का, हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नाही. गाणं माझ्या बोटांच्या मापाने निवडलं होतं.

शेडमध्ये तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "वरचं नाही लागून राह्यलं बे. थोडं खाली घेऊ ना."

मी म्हणालो, "ओरिजिनल हेच आहे."

ते ओरिजिनलही नव्हतं. भंडाऱ्याच्या सायबर कॅफेतून मी गिटारचा टॅब छापून आणला होता. वर पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं, की सगळ्या तारा अर्धा सूर उतरवून घ्या. त्या लोकांनी अख्खी रेकॉर्ड तशीच वाजवली आहे. ती ओळ मी वाचली नाही. मला बोटं कुठे ठेवायची तेवढं हवं होतं. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचं तर मूळ गाणं काळी एकचं, आणि मी त्या पोराकडून ते पांढरी दोनमध्ये गाऊन घेत होतो. म्हणजे अ‍ॅक्सल रोझच्याही वर. आणि तो खाली मागत होता, तर मी त्याला प्रॅक्टिस कर म्हणत होतो.

त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मी जरा चिडून म्हणालो, की खाली घेतलं तर माझी सगळी बोटं बदलतील, सोलो परत बसवावा लागेल. हेही खोटं होतं, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. तारा खुंट्यांवर उतरवल्या की बोटं जिथल्या तिथे राहतात, फक्त सूर खाली येतो. दोन मिनिटांचं काम. ट्यूनर असता तर.

2009 च्या गणपतीत मंडळाने आम्हाला वेळ दिला. भाषणं, बक्षीसवाटप, लहान मुलींचा नाच, आणि आमचा नंबर साडेनऊला. रात्री दहाला स्पीकर बंद, हा 2000 सालापासूनचा नियम. हातात तीस मिनिटं, त्यातली वीस आम्ही वायरी लावण्यात आणि तारा जुळवण्यात घालवली. आधी येऊन जोडून ठेवावं एवढी अक्कल नव्हती. पुढे बसलेल्या बाया उठून जायला लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "नागीन वाजवा!"

मग मी सुरुवात केली. ती सुरुवात चांगली वाजली, आजही सांगतो. दोनशे वेळा वाजवलेली होती. टाळ्याही पडल्या. त्याने पहिली ओळ कशीबशी उचलली. दुसऱ्या कडव्याच्या आधी ड्रमवाल्याची लय पळाली, मी आवाज वाढवला, आणि वरच्या जागेवर जाताना त्याचा गळा फाटला. बेसूर होणं वेगळं. हा कापड फाटावं तसा आवाज होता आणि तो माइकवर होता. पोरं हसली. मोठी माणसंही हसली. तो थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे आता काय करू असं विचारलं. मी मान खाली घालून सोलो सुरू केला.

खाली उतरल्यावर मंडळातल्या एका काकांनी विचारलं, "काय झालं रे पोट्ट्याच्या गळ्याले?"

"त्याची प्रॅक्टिसच नव्हती," मी म्हणालो. तो माझ्या मागे उभा होता. वायर गुंडाळत.

त्यानंतर तो शेडवर आला नाही. आम्ही दोन महिने तीन जणांनीच वाजवलं. मग बारावीची परीक्षा जवळ आली, आणि बँड मोडायचं सन्मान्य कारण मिळालं.

त्याच हिवाळ्यात एका गावच्या शंकरपटाला गेलो होतो. दिवसा बैलांच्या शर्यती, रात्री झाडीपट्टीचं नाटक. दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या निघतात आणि होळीच्या आसपासपर्यंत रोज एका गावात, रात्रभर. मला नाटकात रस नव्हता. ऑक्टोपॅडवाला कसा वाजवतो ते बघायला मी वादकांच्या अगदी जवळ जाऊन बसलो. ऑर्गनवर एक वयस्क गृहस्थ होते. एक नट विंगेतून डोकावला, गळ्याला मफलर. रोज रात्री ओरडून त्याचा आवाज बसला होता. ऑर्गनवाल्याने नुसती भुवई उचलली आणि विचारलं, "पट्टी?" नटाने एक बोट खाली केलं. झालं. एवढंच बोलणं.

त्याचं गाणं आलं तेव्हा ऑर्गन नेहमीपेक्षा खाली होता. पायाने मारायच्या त्या ऑर्गनला कीबोर्डसारखं बटण नसतं, की दाबलं आणि पट्टी सरकली. सगळी बोटं बदलावी लागतात. माझा 'सोलो परत बसवावा लागेल' तो हाच. त्यांनी ते न बघता केलं. आणि एका जागी नटाचा सूर तरीही डगमगायला लागला, तेव्हा तो सूर त्यांनी स्वतःच ऑर्गनवर भरून काढला. प्रेक्षकांना कळलंसुद्धा नाही. वन्स मोअर नटाला मिळाला.

थंडी होती, म्हणून मी शाल डोक्यावरून घेतली असं बरोबरच्यांना वाटलं.

नंतर वाचत गेलो तसं एकेक कळलं. ब्लॅक सॅबाथचा टोनी आयोमी हा बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यातला कामगार. सतरा वर्षांचा असताना मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्याने प्लास्टिकची टोपणं घरीच बनवून बोटांवर चढवली आणि तारा ताणायला त्रास होतो म्हणून त्या सैल केल्या. 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'त काही गाण्यांना तीन अर्धे सूर खाली. जाड तार पांढरी तीनवरून थेट काळी एकवर. सगळ्या हेवी मेटलचा तो घुमणारा, जड आवाज बोटं दुखणाऱ्या एका माणसाच्या सोयीतून आला. आम्ही ज्याला कमीपणा समजत होतो, त्याच्यावर ब्लॅक सॅबाथने अख्खी इमारत बांधली. शेडमध्ये मी त्याचा फोटो चिकटवला होता. गिटार भारी धरलीय म्हणून.

आमचा गाणारा आता नागपुरात असतो. लग्नकार्यात भेटतो, चांगलं बोलतो, मुलांच्या शाळेचं विचारतो. जेवणानंतर गाण्यांची बैठक सुरू झाली, की त्याला नेमकं पार्किंगमध्ये काम निघतं. हे बाकी कुणाच्या ध्यानात आलं नसेल. 'प्रॅक्टिसच नव्हती' हे वाक्य मी अजून परत घेतलेलं नाही.

गेल्या रविवारी भाच्याच्या जागेवर गेलो. एका मित्राच्या घरामागची धान ठेवायची खोली. मी ओट्यावर सांगितलं नव्हतं, तरी पोरांनी भिंतींवर बारदाना टांगला होता. यूट्यूबवर पाहिलं म्हणे. ट्यूनर मोबाइलमध्ये. आमच्यापेक्षा बरेच पुढे आहेत, कबूल. त्यांनी वाजवून दाखवलं. गाणारा पोरगा बारीक, मिसरूड फुटलेलं, म्हणजे आवाज अजून फुटतोच आहे. वरच्या जागी त्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या, टाचा उचलल्या गेल्या. भाचा डोळे मिटून सोलोत होता.

गाणं संपल्यावर मी विचारलं, "पट्टी कोणती?"

भाचा म्हणाला, "ओरिजिनलच आहे, मामा."

"याले विचारली?"

तो गाणाऱ्याकडे बघायला लागला. गाणारा मोबाइलकडे. मग भाचा म्हणाला, "पण मामा, मग माझा सोलो..."

मी त्याच्या हातातून गिटार घेतली आणि सहाही तारा एकेक सूर उतरवून परत दिली. बोटं तीच ठेव, म्हटलं. त्यांनी पुन्हा वाजवलं. या वेळी टाचा जमिनीवर राहिल्या, तरी शेवटी मान थोडी ताणलीच. थांबल्यावर गाणाऱ्या पोराने घसा खाकरला आणि कुणाकडेही न बघता म्हणाला, "अजून अर्धा सूर खाली चालन का?"

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. मग त्याने मोबाइलवर ट्यूनर काढला आणि जाड तारेच्या खुंटीपासून सुरुवात केली.