संघ बाराचाच

१.
कबड्डीच्या विद्यापीठ संघात खेळाडू बारा असतात : सात मैदानात, पाच राखीव. विद्यापीठाच्या पदरी दोन जिल्हे असोत वा नऊ, हा आकडा बदलत नाही. गेल्या शंभर वर्षांत विदर्भाच्या शैक्षणिक आणि क्रीडाविषयक नकाशावर कितीतरी रेषा पुसल्या गेल्या, कितीतरी नव्याने ओढल्या गेल्या. त्या रेषांनी कोणाचे काय नेले आणि कोणाला काय दिले, याचा हिशेब या साध्या आकड्यावरून मांडता येतो. हा धागा त्या हिशेबाचा आहे, आणि तो एका जाड वहीत जपून ठेवणाऱ्या पारशिवनीच्या एका प्रेक्षकाचाही.

२.
पारशिवनी हे नागपूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. उत्तरेला पेंचचे जंगल, जंगलापलीकडे मध्य प्रदेशातील सिवनी आणि छिंदवाडा. नागपूर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. मुंबई आठशेहून अधिक. गावात ज्यांना सगळे नुसते 'मास्तर' म्हणतात, ते निवृत्त शिक्षक दर हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धांचे गटवाटप आणि निकाल वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवतात. प्रत्येक हंगामाच्या पहिल्या पानावर शीर्षक एकच : 'यंदा समोर कोण?' निकालाहून त्यांना प्रतिस्पर्ध्याचे नाव मोलाचे वाटते. संघ कोणाशी खेळतो यावरून तो कुठला हे ठरते, असा त्यांचा सिद्धांत आहे.

३.
वहीचे पहिले पान १९८२ च्या हिवाळ्याचे. मास्तर तेव्हा नागपुरात बी. ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि महाविद्यालयाच्या कबड्डी संघात उजव्या कोपऱ्यावर खेळत. त्या वेळी नागपूर विद्यापीठाचा पसारा बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंत होता. गडचिरोली जिल्हा त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला होता. त्याच्यासह जिल्हे नऊ. नऊ जिल्ह्यांतील मुले निवड चाचणीला आली. संध्याकाळी यादी लागली. बारावे नाव अमरावतीच्या एका मुलाचे होते. मास्तरांचे नाव यादीत नव्हते. विद्यापीठाचा कलर कोट एका जागेने हुकला.

४.
अमरावतीकडून हरण्यात त्या काळी लाज नव्हती. तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांसमोर केली होती. पुढे मंडळाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही चालवले. नागपूरच्या महाविद्यालयांना आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत या परंपरेशी झुंजावे लागे. आणि विद्यापीठाचा संघ निवडला गेला की हेच प्रतिस्पर्धी सोबती होत. वर्षातले काही दिवस शत्रू आणि काही दिवस मित्र, हे नाते मास्तरांना खेळाचे मर्म वाटे.

५.
१ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ आणि बुलढाणा हे वऱ्हाडातील चार जिल्हे नागपूर विद्यापीठातून निघाले. मास्तरांची चाचणी होऊन अवघे काही महिने झाले होते. ही वाटणी एक वर्ष आधी झाली असती, तर अमरावतीची मुले वेगळ्या संघात गेली असती आणि नागपूरच्या बारांत एक जागा मोकळी झाली असती. मास्तरांना हे गणित त्याच उन्हाळ्यात सुटले. तरीही वहीत त्या तारखेखाली त्यांनी जे लिहिले, त्यात स्वतःच्या जागेचा उल्लेख नाही : 'अमरावती गेली. आता जिंकण्यात मौज नाही.'

६.
ही पहिलीच वाटणी नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले, ते मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी. त्याआधी नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी जोडलेले होते. नव्या विद्यापीठाच्या छत्राखाली मराठी आणि हिंदी असे दोन्ही मुलूख आले. मग १९४६ मध्ये सागर विद्यापीठ निघाले. त्याचे संस्थापक डॉ. हरिसिंह गौर हे नागपूर विद्यापीठाचे माजी कुलगुरू. म्हणजे घर वाटणारा माणूस याच घरातला कर्ता होता. १९४६, १९८३ आणि २०११ : नागपूर विद्यापीठाच्या आक्रसण्याचे हे तीन टप्पे.

७.
विद्यापीठाची कथा इतकी; क्रिकेटची याहून गुंतागुंतीची. १९३४ मध्ये रणजी करंडक सुरू झाला, तेव्हा नागपूरचा संघ 'मध्य प्रांत व वऱ्हाड' या नावाने खेळे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, आठ मराठी जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचे राजधानीपद संपले. विदर्भाचा संघ मात्र मुंबईच्या संघात विलीन झाला नाही. १९५७-५८ च्या हंगामापासून तो 'विदर्भ' या स्वतःच्या नावाने उतरला. त्याला जागा मिळाली ती मध्य विभागात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांच्या पंगतीला. राज्यकारभाराचा नकाशा पश्चिमेकडे वळला. क्रिकेटचा नकाशा जुन्याच जागी राहिला.

८.
त्याच हंगामापासून विभागातल्या विभागात साखळी सामने होऊ लागले. परिणाम असा की विदर्भ आणि मुंबई एकाच राज्यात असूनही त्यांची गाठ क्वचितच पडे. मुंबईसमोर उभे राहायचे तर आधी स्वतःच्या विभागातून वर जावे लागे. आणि साठच्या दशकात तिथे राजस्थानची भिंत होती. तो संघ वारंवार अंतिम फेरी गाठे आणि दरवेळी मुंबईकडून हरे. २००२-०३ मध्ये विभागवार साखळी मोडून 'एलिट' आणि 'प्लेट' अशी प्रतवारी आली, तोवर विदर्भाच्या तीन पिढ्यांसाठी शेजारी म्हणजे इंदूर, कानपूर आणि जयपूर.

९.
यातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. विद्यापीठांच्या स्पर्धांत नागपूर पश्चिम विभागात आहे. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आणि गोवा येथील विद्यापीठांसह. क्रिकेटमध्ये विदर्भ मध्य विभागातला. राष्ट्रीय कबड्डीत विदर्भाचा स्वतंत्र संघ आहे. फुटबॉलमध्ये इथला खेळाडू महाराष्ट्राकडून खेळतो. नागपुरातला एकच मुलगा महाविद्यालयात असेपर्यंत 'पश्चिम', क्रिकेटमध्ये 'मध्य', कबड्डीत 'विदर्भ' आणि फुटबॉलमध्ये 'महाराष्ट्र' ठरू शकतो. मास्तर यावर हसून म्हणतात, "आमच्या गावची दिशा खेळ पाहून ठरते जी."

१०.
हे आपल्याकडचेच नशीब नव्हे. अमेरिकेत महाविद्यालयीन संघांच्या परिषदा शतकभर भूगोलावर उभ्या होत्या. पॅसिफिक किनाऱ्यावरील परिषदेचे मूळ १९१५ सालचे. २०२४ मध्ये तिच्या बारापैकी दहा विद्यापीठांनी काडीमोड घेतला. ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोनच मागे उरली. लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठे 'बिग टेन'मध्ये गेली आणि त्यांचे परिषद-बंधू न्यू जर्सीपर्यंत पसरले, सुमारे चार हजार किलोमीटर दूर. पॅसिफिकच्या काठचे स्टॅनफर्ड चक्क 'अटलांटिक किनारा' परिषदेत दाखल झाले. तिथे रेषा दूरचित्रवाणीच्या हक्कांच्या पैशाने हलवली, इथे प्रशासनाने आणि प्रादेशिक मागणीने. प्रेक्षकाला मात्र दोन्हीकडे कोणी विचारले नाही.

११.
मास्तरांची मते ठाम आहेत. पहिले : प्रतिस्पर्धी असा हवा की रात्रीच्या एसटीने किंवा पॅसेंजरने जाऊन सामना पाहता यावा. दुसरे : घर वाटले तरी वर्षातून एक सामना जुन्या भावकीशी व्हावाच, गटवाटपाच्या चिठ्ठीवर तो सोडू नये. तिसरे : जो संघ पिढ्यान्‌पिढ्या समोर उभा राहिला, तो आपल्या इतिहासाचा अर्धा भाग असतो. तो काढून घेतला की आपल्या विजयांना साक्षीदार उरत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ही मते नुसत्या हळवेपणाच्या खाती टाकू नयेत. सीमारेषांचा अभ्यास करताना आपण राज्यकर्ते पाहतो, आयोग पाहतो; रेषेच्या दोन्ही बाजूंना रोज नांदणारा माणूस बहुधा निसटतो.

१२.
परंतु याच इतिहासात मास्तरांच्या सिद्धांताला उत्तरही आहे. नागपूरजवळच्या वलनी कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव टेनिसच्या चेंडूवर खेळत वाढला. नोव्हेंबर २००८ मध्ये त्याने रणजीत पदार्पण केले, तेही मध्य प्रदेशाविरुद्ध. २०११ मध्ये तो कसोटी खेळणारा विदर्भ संघाचा पहिला खेळाडू ठरला. १९५७ मध्ये विदर्भ स्वतंत्र न राहता एखाद्या मोठ्या संघात मिसळला असता, तर खाण वसाहतीतल्या त्या मुलाला अकरांत जागा मिळाली असती का? खात्रीने सांगता येत नाही. शक्यता मात्र निश्चितच कमी झाली असती. पुढे २०१७-१८ मध्ये, पहिल्या हंगामानंतर साठ वर्षांनी, विदर्भाने इंदूरच्या मैदानावर दिल्लीला हरवून रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि अनुभवी फलंदाज वसीम जाफर हे दोघेही मूळचे मुंबईचे. रेषा ओढली तरी माणसांची ये-जा थांबत नाही.

१३.
२०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि चंद्रपूर व गडचिरोली हे दोन जिल्हे नागपूरपासून वेगळे झाले. मास्तरांनी वहीत पुन्हा एक खिन्न ओळ लिहिली. त्यांचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त चंद्रपूरला स्थायिक झालेला. काही वर्षांनी त्याची मुलगी तिथल्या महाविद्यालयात कबड्डी खेळू लागली. ती खेळत होती मास्तरांच्याच जागी, उजव्या कोपऱ्यावर. गोंडवानाची निवड चाचणी झाली आणि यादी लागली. बारावे नाव तिचे होते. मास्तरांनी ती बातमी फोनवर ऐकली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. जुन्या विस्तीर्ण विद्यापीठात हे बारावे नाव कदाचित विसाव्या क्रमांकावर राहिले असते. कलर कोट घरात आला, तो त्यांना न आवडलेल्या रेषेमुळे.

१४.
त्याच हिवाळ्यात एका आंतरविद्यापीठ स्पर्धेत नागपूर आणि गोंडवाना समोरासमोर आले. मास्तर रात्रीची गाडी पकडून गेले. एका बाजूला आयुष्यभर जपलेले विद्यापीठ, दुसऱ्या बाजूला पुतणी. मध्यंतरानंतर तिला मैदानात उतरवले गेले. नागपूरच्या चढाईपटूचा घोटा तिने धरला, साखळी वेळेवर आली आणि पकड यशस्वी झाली. पुढच्याच चढाईत नागपूरच्या मुलीने बोनस मिळवून परतताना दोघींना टिपले. सामना नागपूरने जिंकला. बाहेर आल्यावर पुतणीने विचारले, "काऊन जी मोठेबाबा, टाळ्या कोणासाठी वाजवत होते?" मास्तर म्हणाले, "ज्यायनं चांगली पकड केली, त्यायच्यासाठी." मग थोडे थांबून म्हणाले, "अन् ज्यायनं ते सोडवली, त्यायच्यासाठीबी."

१५.
रेषा हलते तेव्हा प्रेक्षकाचा शेजारी जातो आणि कुणा खेळाडूला जागा मिळते. पहिली हानी लगेच दिसते, कारण प्रेक्षकाला स्मरण असते. दुसरा लाभ उशिरा दिसतो, कारण ती जागा मिळवणारी मुलगी त्या वेळी प्राथमिक शाळेत असते. मोठे, अखंड क्षेत्र सामन्याला उंची देते. लहान क्षेत्र अधिकांना दार उघडते. दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे मिळत नाहीत, कारण संघ बाराचाच असतो. विभाजनाच्या बाजूने वा विरोधात बोलणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा समोर ठेवावा : कोणाची आठवण खर्ची पडते आहे, आणि कोणाचे नाव यादीत चढते आहे?

१६.
रेषा परतही येतात. २०२४ च्या दुलीप करंडकात विभाग बाजूला ठेवून अ, ब, क, ड असे चार संघ खेळवले गेले. २०२५ मध्ये विभाग परतले आणि मध्य विभागाने करंडक जिंकला. कर्णधार मध्य प्रदेशाचा रजत पाटीदार. अंतिम सामन्यात विदर्भाच्या यश राठोडच्या १९४ धावा. मध्य विभागाला मास्तर वर्षानुवर्षे 'उसने घर' म्हणत आले होते. तो निकाल त्यांनी कापला आणि वहीत चिकटवला. त्याच पानाच्या आधी, दोन पानांच्या मध्ये, गोंडवानाच्या बारा मुलींची पिवळी पडू लागलेली यादी आहे. तिच्या डोक्यावर शीर्षक नेहमीचेच होते, 'यंदा समोर कोण?' खाली मास्तरांच्या अक्षरात उत्तर आहे : 'आपलीच.'