पाडा : तुकडा की गाव?

शब्दांनाही कुळकथा असतात, आणि त्या नेहमीच सरळ असतात असे नाही. मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्याच्या परिसरात गाव विचारले की आम्हांस आधी पाड्याचे नाव ऐकू येते. मग या ‘पाड्या’चे मूळ कोणते?

संस्कृतात ‘पाटक’ म्हणजे गावाचा अर्धा वा काही भाग. फाडणे, विभागणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते लावतात. बंगाल्यांचा मोहल्ल्याच्या अर्थाचा ‘पाडा’ आणि गुजरातीतील ‘पाडो’ ही त्याचीच भावंडे. परंतु तमिळ-कन्नडातील ‘पाडि’चा अर्थ वस्ती, खेडे असा आहे. म्हणून शब्द मुळात द्राविडी असून संस्कृताने तो उसना घेतला, असे मानणारे अभ्यासकही आहेत. म्हणजे एका व्युत्पत्तीप्रमाणे पाडा हा तुकडा, तर दुसरीप्रमाणे तो स्वयंपूर्ण वस्ती.

हा निव्वळ पंडिती वाद नव्हे. महसुली दप्तराने पहिलाच अर्थ उचलला. तिथे नोंद महसुली गावाची. जनगणनेचा आकडाही त्याच गावाचा. मग गावात विहीर आहे असे कागद सांगतो, आणि डोंगरापलीकडच्या पाड्यावरची बाई उन्हाळ्यात हंडा घेऊन उतरतच राहते. तिच्या लेखी मात्र पाडा हेच गाव. देव, शेजार, सुखदुःख सारे तिथलेच.

आयरिश भाषेतील ‘बाल्ये’ या शब्दाची कथाही काहीशी अशीच आहे. इंग्रजी नकाशांत त्याचे ‘बॅली’ होऊन तो असंख्य ग्रामनामांना चिकटला. अर्थ गाव, शहर. पण ‘घरी’ म्हणतानाही आयरिश बोलणारा तोच शब्द योजतो. नकाशाला ठिकाण दिसते, बोलणाऱ्याला घर.

आपल्याकडे 1996 च्या पेसा कायद्याने मात्र दुसरा अर्थ मान्य केला. परंपरेनुसार आपला कारभार पाहणारी वस्ती वा पाडाही ‘गाव’ ठरू शकतो, त्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते. महाराष्ट्राने त्याचे नियम 2014 मध्ये केले. अनुसूचित क्षेत्रातील मोखाड्यालाही ते लागू आहेत. कोशातला अर्थ इथे पाण्याच्या, जंगलाच्या हक्काशी येऊन भिडतो. पाड्याने ठराव करून ‘आम्ही गाव आहोत’ असे म्हणणे, ही आम्हांस त्या शब्दाची सर्वांत प्रामाणिक व्युत्पत्ती वाटते.