पाठीशी वारा आणि वाटेत काठी

वारा पाठीशी असला की माणसाचं भलं होतं, हा समज ज्यानं रूढ केला तो कधी शिडाच्या होडीत बसला नसावा. तसा मीही बसलेलो नाही. आमच्या चिंचवडला पवना आहे. पण जलपर्णीच्या दिवसांत तिच्यात होडी घातली, तर ती वल्हवण्यापेक्षा उपटावीच लागेल! माझं ज्ञान शेजारच्यांच्या मुलाकडून आलेलं. तो खडकवासल्याच्या प्रबोधिनीत शिकतो आणि तिथं पीकॉक बेवर छात्रांना शिडाच्या होड्या शिकवतात.

एन्टरप्राइझ नावाची एक होडी असते. सव्वातेरा फूट लांब, माणसं दोन. जॅक होल्ट या इंग्रजानं ती १९५६ साली आखली. तिला शिडं दोन : मागं थोरलं, पुढं धाकटं. वारा आडवा असला की दोघं गुण्यागोविंदानं नांदतात. पण वारा थेट मागून आला, की थोरलं तो एकटंच गिळतं आणि धाकटं त्याच्या आडोशाला ओल्या टॉवेलासारखं लोंबतं. बँकेत साहेबांवर वरची मंडळी खूश असली, की आम्हां कारकुनांचं हेच होतं.

मग एक काठी काढतात. नाव व्हिस्कर पोल, म्हणजे मिशीची काठी. एक टोक डोलकाठीच्या कडीत, दुसरं धाकट्या शिडाच्या मोकळ्या कोपऱ्यात अडकवायचं आणि त्याला थोरल्याच्या विरुद्ध बाजूला ढकलून धरायचं. दोन्हीकडे दोन शिडं पसरून होडी हंसासारखी निघते. वळायचं झालं, की आधी काठी सोडवायची.

आणि सोडवली की ठेवायची कुठं? तळाशी मोकळी टाकली, तर ती पायाखाली घरंगळते आणि माणूस पाण्यात. म्हणून थोरल्या शिडाच्या आडव्या दांड्याला ती रबरी दोरीनं बांधतात. वाटेत नको, पण हाताशी हवी.

आमच्या दोन खोल्यांत हा प्रश्न रोजचाच. गुढीची काठी वर्षभर कपाटामागं असते, ते ठीक. पण पिंपरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या अण्णांची खुर्ची? झाडताना दाराशी, पाहुणे आले की गॅलरीत. मात्र नातवाचं गणित अडलं, गॅसवाला आला, मला साहेबांनी मेमो दिला, की घरभर एकच हाक : “अण्णा!”

काठी होडीतच लागते; किनाऱ्यावर ठेवून निघता येत नाही, असं तो मुलगा सांगतो. हे अण्णांनी ऐकलंय. हल्ली ते खुर्ची बरोबर वाटेत ठेवतात. आम्ही वळसा घालून जातो.