जुनेर, बोहारीण आणि ‘रमेज सेल’

१/ लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू अल्प किमतीत विकून आलेला पैसा सत्कार्यास लावायचा, अशा विक्रीला इंग्रजीत ‘रमेज सेल’ म्हणतात. शब्दाचे मूळ मात्र दानात नाही. ते जहाजात आहे.

२/ जुन्या फ्रेंचमध्ये ‘आरुमाज’ म्हणजे जहाजाच्या पोटात माल रचणे. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. रचलेला माल शोधायचा तर उपसावा लागे; म्हणून ‘रमेज’ म्हणजे उलथापालथ करून शोधणे. एकोणिसाव्या शतकात गोदीतील बेवारस मालाच्या विक्रीला हे नाव मिळाले आणि पुढे ते धर्मादाय विक्रीला चिकटले. ब्रिटनमध्ये रूढ झालेला शब्द ‘जंबल सेल’. जंबल म्हणजे सरमिसळ.

३/ अशा विक्रीला मराठीत रुळलेला स्वतंत्र शब्द नाही. जुन्या वस्त्राला मात्र आहे: जुनेर. संस्कृत ‘जीर्ण’, प्राकृत ‘जुण्ण’, मराठी ‘जुना’. त्याच कुळातले हे जुनेर.

४/ जुनेर फुकट जात नसे. मऊ लुगड्याची वाकळ होई, बाळाची दुपटी होत. उरलेले बोहारणीकडे जाई. ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरे. शिवण ताणून पाही, कॉलर उलटून पाही आणि म्हणे, “एवढ्यावर पातेलं नाही परवडत, ताई. अजून एक साडी टाका.” घेतलेले कपडे धुऊन, सांधून बाजारात विकले जात आणि नवे न परवडणाऱ्याच्या अंगावर चढत.

५/ सोलापूरला कापडाचे मोल शिकवावे लागले नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी सुरू झाली. पद्मशाली विणकरांच्या मागांवरील चादरीने शहराचे नाव देशभर नेले. शहर दक्षिणेकडे विजापूर रस्त्याने वाढले आणि जुळे सोलापूर वसले. तेथील फ्लॅटमधील कपाटे आज तयार कपड्यांनी लवकर भरतात. ती रिकामी करायची वेळ आली की ‘दान’ हा शब्द सहज सुचतो.

६/ पण बोहारीण हुज्जत घालू शकते, ‘हे नको’ म्हणू शकते. दान घेणाऱ्याला ती सोय नसते. ऑक्सफॅमने १९४७ साली ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर दुकान थाटले, तेथे घेणारा गिऱ्हाईक ठरला. १९९९ साली अंशू गुप्ता यांनी स्थापलेल्या ‘गूंज’ने कपडा हा गावातील श्रमाचा मोबदला मानला, गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

७/ विक्री, अदलाबदल, मोबदला: तिन्ही वाटांनी घेणाऱ्याची मान ताठ राहते. म्हणूनच कपाट आवरताना एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोहारीण जे कपडे पाहून परत करते, पुष्कळदा तेच दानाच्या पिशवीत जातात.