कोकण डान्स

पावसाळ्यात वारा सुटला की रोपवे बंद ठेवतात, आणि रोपवे बंद म्हणजे आमच्या हिरकणीवाडीत दिवसभर गिऱ्हाईक नाही. अशाच एका दुपारी पडवीत बसून मी नानाला अमान्सिओ डिसिल्वा ऐकवला. नाना माझा चुलता, वय चौऱ्याहत्तर. तीसेक वर्षं त्याने लग्नांत, हळदीत, गणपतीत बेंजो वाजवला. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची पट्टी. बेंजो म्हटलं तरी ते अमेरिकेतलं बँजो नव्हे. हे आपलं बुलबुलतरंग, मूळ जपानी ताइशोगोतो. कोकणात आलं, त्याला वीज जोडली गेली आणि ते वरातीपुढे नाचवायला लागलं.

मी मुंबईत नोकरी करायचो तेव्हा एका सहकाऱ्याने मला जँगो राइनहार्टचं वेड लावलं. 1928 साली राहत्या गाडीला आग लागून डाव्या हाताची दोन बोटं निकामी झालेला हा जिप्सी गिटारवाला, उरलेल्या बोटांवर अख्ख्या युरोपला झुलवत राहिला. त्याच्या संगीताला फ्रान्समध्ये ‘जॅझ मानूश’ म्हणतात. मानूश हा रोमानी शब्द, अर्थ माणूस! हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून निघालेल्या लोकांनी हा शब्द पॅरिसपर्यंत जपला. सहकाऱ्याने हे सांगितलं त्या दिवसापासून ते संगीत मला परकं वाटेनासं झालं. मग गिटारवाले शोधता शोधता एक आपल्याच बाजूचा निघाला.

अमान्सिओ डिसिल्वाचा जन्म मुंबईचा, 1936 चा. घराणं गोव्याचं. त्याला जिप्सी जॅझवाला म्हणता येणार नाही. त्याचा कान बीबॉपवर तयार झालेला. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींचा त्याला आश्रय होता. ‘जयपूर’ आणि ‘महाराणी’ ही त्याच्या रचनांची नावंच आहेत. साठच्या दशकात तो लंडनला गेला. 1969 मध्ये डेनिस प्रेस्टन या निर्मात्याकडे त्याच्या दोन तबकड्या झाल्या: ‘इंटिग्रेशन’ आणि जमैकाच्या जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’. दुसरीत ‘बॅलड फॉर गोवा’ आहे, आणि नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचून वाहणारा आवाज आहे. मला ‘हम दोनो’ अधिक आवडते. ‘इंटिग्रेशन’मध्ये सगळे फार सभ्यपणे वाजवतात, पाहुण्यांसमोर बसल्यासारखे. ‘हम दोनो’त हॅरियट ओरखडे काढतो आणि अमान्सिओ ते शांतपणे भरून काढतो. गिटारच्या पट्ट्या काही सतारीच्या पडद्यांसारख्या नसतात, पण तो तार ओढून स्वर असा सरकवतो की मींडेची आठवण यावी.

‘कोकण डान्स’ ही त्यानंतरची, 1972 च्या आसपासची. ध्वनिमुद्रण झालं आणि ते पडून राहिलं. अमान्सिओ 1996 मध्ये गेला. त्याच वर्षी आमचा रोपवे सुरू झाला, याचा अर्थातच एकमेकांशी काही संबंध नाही. तबकडी बाहेर आली ती तो गेल्यानंतर, मूळ मुद्रणाला तीसेक वर्षं उलटल्यावर.

नावावरून मी त्यात बाल्यानाच शोधत होतो. तो नाही. त्याचं कोकण दर्यालगतचं, आमचं डोंगराकडचं. सतार आहे, सॅक्सोफोन आहे, आणि मधे गिटार, कुठेही घाई न करता.

नाना डोळे मिटून ऐकत होता. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तबला कोन वाजवतोय?”

“केशव साठे.”

“आपला मानूस?”

“हो. लंडनला गेलेला.”

“हां. हात गोड हाय.” गिटारबद्दल एक शब्द नाही. थोड्या वेळाने, “आनि ही टेप मिळाली कशी येवढ्या वर्षांनी?”

“कुणीतरी जपून ठेवली होती.”

इथे मी गप्प झालो. नानाचीही एकच टेप होती. 1994 च्या एका हळदीत कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडवात ठेवला होता, नव्वद मिनिटांची कॅसेट. ती पेन ड्राइव्हवर घेतो म्हणून मी नेली, महाडला आत्याच्या घरी खालच्या कपाटात ठेवली आणि दोन वर्षं ‘पुढच्या शनिवारी’ म्हणत राहिलो. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. चिखल उपसताना मला टेपची फीत सापडली, दोऱ्यासारखी गुंतलेली. ती नानाची की आत्याच्या भजनांची, कळायला मार्ग नव्हता. नानाला मी कधी सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही.

“आपली पान्यात गेली ना?” तो म्हणाला.

“तुला ठाऊक होतं?”

“तुझी आत्या तेव्हाच बोलली. लाव, तो तबला परत लाव.”

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तो आत गेला आणि माळ्यावरून बेंजो उतरवून घेऊन आला. दोन तारा तुटलेल्या, बाकीच्यांना गंज. बोटं आता बटणावरून वेळेत उठत नाहीत. मी मोबाइल पाटावर ठेवला. ते मुद्रण तीन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे. त्यात बहुतेक सगळा पत्र्यावरचा पाऊसच आहे. कान देऊन ऐकलं तर खाली बेंजो सापडतो. दुसऱ्या मिनिटाला तो मधेच थांबतो आणि नानाचा आवाज येतो, “चालू हाय ना रं ते?”